न पाहिलेल्या मालाचा लिलाव

'लिलाव' हा शब्द मूळचा आपला नव्हे. पोर्तुगीज लोकांबरोबर जे अनेक शब्द आपल्या किनाऱ्यास लागले त्यांतलाच तो एक. आला आणि येथलाच होऊन राहिला. लिलाव म्हटला कीं अजूनहि आपल्या डोळ्यांपुढें मोकळी जागा, मध्यें मांडलेला माल, भोंवतीं जमलेलीं माणसें आणि 'एक वार, दोन वार' असें पुकारणारा मनुष्य उभा राहतो. तेथें माल ठोकून पाहतां येतो, आणि शेजारीं उभें राहून बोली चढविणाराचें तोंडहि दिसतें. ज्या लिलावाविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहिणार आहों त्यांत यांपैकीं कांहींच नसतें. माल एका देशांत, विकणारा कदाचित् दुसऱ्याच देशांत, घेणारा आपल्या घरीं मोबाईल हातांत घेऊन बसलेला; आणि मध्यें काय, तर एक चित्र, चार ओळींचें वर्णन आणि सेकंद मोजणारें घड्याळ.

शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशाला, असें एखाद्या पालकास वाटेल. परंतु लॅपटॉप, कॅमेरा, भारी मोबाईल, खेळाचें यंत्र या वस्तू आज कित्येक कुटुंबांच्या दोन-तीन महिन्यांच्या मिळकतीएवढ्या किंमतीच्या असतात. त्या हव्या असतात मुलांना, शोधतात मुलें, आणि पैसे मात्र आईबापांचे. २०२० सालीं शाळा बंद पडून वर्ग मोबाईलवर भरूं लागले, तेव्हां ज्यांच्यापाशीं एकच साधा फोन होता अशा कितीतरी घरांस जुना फोन किंवा जुना लॅपटॉप शोधणें भाग पडलें. ती गरज चैनीची नव्हती. हें आम्ही आरंभींच सांगतों, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक सज्जन पहिल्याच वाक्यांत लोभाकडे वळतात: लोभ सुटला म्हणून फसला! आमचें मत निराळें आहे. फसणारांत कांहीं लोभी असतीलहि. परंतु ज्याच्यापाशीं चाळीस हजार आहेत आणि ज्याला हवी असलेली वस्तु साठ हजारांची आहे असा गरजू मनुष्यच ठकाचें खरें गिऱ्हाईक होय. त्याला लोभी म्हणून हिणविलें तर तो पुढच्या वेळीं शहाणा होत नाहीं, फक्त गप्प बसतो. आणि त्याचें गप्प बसणेंच ठकाच्या पथ्यावर पडतें. त्याविषयीं पुढें येईलच.

इंटरनेटवरील लिलावाची सुरुवात मात्र मोठ्या प्रामाणिकपणानें झाली. १९९५ सालीं कॅलिफोर्नियांत पिअर ओमिडियार नांवाच्या गृहस्थांनीं 'ऑक्शनवेब' हें लिलावाचें दालन उघडलें. तेंच पुढें 'ईबे' या नांवानें जगभर गाजलें. तेथें अगदीं आरंभीं विकली गेलेली वस्तु म्हणजे एक बिघडलेला लेसर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरना गेला. ओमिडियार यांनीं घेणारास मुद्दाम लिहून विचारलें कीं, हा मोडका आहे हें आपणांस ठाऊक आहे ना? उत्तर आलें कीं, आपणांस मोडके पॉइंटर जमविण्याचाच नाद आहे. ही गोष्ट आम्हांस फार आवडते. विकणारानें दोष लपविला तर नाहींच, उलट तो घेणाराच्या लक्षांत आला आहे कीं नाहीं याची पुन्हां खात्री करून घेतली. पुढच्याच वर्षीं तेथें घेणारांनीं व विकणारांनीं एकमेकांविषयीं अभिप्राय लिहून ठेवण्याची सोय झाली. अनोळखी माणसांच्या बाजारांत अब्रू तोलण्याची ही तागडीच होय. नीतिसूत्रांच्या पुस्तकांत ज्या खोट्या तागडीचा धिक्कार केला आहे, ती ठकांनीं नेमकी येथेंच आणून टांगली.

कशी, तें पाहा. नव्या विकणारानें शंभर चांगले अभिप्राय मिळवावयाचे म्हणजे त्यास काळ लागावयाचा. ठक काय करतो? अगदीं क्षुल्लक किंमतीच्या वस्तू शेंकड्यांनीं घेतो किंवा विकतो, कधीं आपल्याच दुसऱ्या नांवानें स्वतःस शाबासकी देतो, आणि आंकडा फुगला कीं एके दिवशीं वीस लॅपटॉप मांडतो. दुसरी युक्ति याहून वाईट. तो एखाद्या सज्जनाच्या जुन्या खात्याचा पासवर्ड चोरतो आणि त्याच्याच नांवानें दुकान थाटतो. म्हणून अभिप्रायांची केवळ संख्या पाहूं नये. ते कशाबद्दल मिळाले आणि केव्हां मिळाले तें वाचावें. पांच वर्षें बाहुल्यांचे कपडे विकून मग दोन वर्षें स्वस्थ बसलेला मनुष्य आज एकाएकीं कॅमेरे विकूं लागला, तर खातें त्याचें असेल, हात त्याचा नसावा. आठवड्याच्या बाजारांत चिंचा विकणारी बाई उद्यां सोन्याचे गोठ मांडून बसली तर आपण भाव विचारण्यापूर्वीं दुसरेंच कांहीं विचारूं. तेंच येथें विचारावयाचें.

वर्णन शेवटपर्यंत वाचणें ही गोष्ट इतकी साधी आहे कीं ती फारसें कोणी करीत नाहीं. २०१३ सालच्या नाताळापूर्वीं इंग्लंडांत एका तरुण बापानें आपल्या लहानग्यासाठीं 'एक्सबॉक्स वन' हें त्या वेळीं नुकतेंच निघालेलें खेळाचें यंत्र ईबेवर ४५० पौंडांस घेतलें. घरीं आलें तें यंत्राचें छायाचित्र. त्याच्या मागील बाजूस खरेदीबद्दल आभार मानलेले! वर्णनांत 'फोटो' हा शब्द होता. म्हणजे विकणारानें खोटें लिहिलें नव्हतें. खरें अशा रीतीनें लिहिलें होतें कीं तें वाचूनहि कोणास खरें वाटूं नये. बोभाटा झाल्यावर त्या गृहस्थास पैसे परत मिळतील असें सांगण्यांत आलें, तें असो. याच जातीचे आणखी शब्द आहेत: 'फक्त खोकें', 'सुट्या भागांसाठीं', 'आहे त्या स्थितींत', 'तपासून पाहिलेला नाहीं'. यांतला शेवटचा फार मजेचा. लॅपटॉप चालतो कीं नाहीं हें पाहण्यास एक कळ दाबण्यापलीकडे कष्ट नाहींत. आणि जो विकणारा ती दाबावयास तयार नाहीं त्यानें ती पूर्वींच दाबून पाहिली आहे असें खुशाल समजावें. 'उतारा वाचून प्रश्नांचीं उत्तरें लिहा' असें आम्ही सांगितलें कीं आमचे विद्यार्थी उतारा सोडून प्रश्नांकडे धांवतात. तेथें फार तर दोन गुण जातात.

चित्राचेंहि तसेंच. कंपनीच्या जाहिरातींतलें गुळगुळीत चित्र लावून जुना कॅमेरा विकणारापाशीं कॅमेरा असेलच असें नाहीं. त्यास विनयानें लिहावें कीं, एका चिठ्ठीवर आजची तारीख घालून ती वस्तूशेजारीं ठेवा व एक फोटो पाठवा. पडदा चालू असूं द्या, मागचा अनुक्रमांकहि दिसूं द्या. खऱ्या मालकास या कामीं पांच मिनिटें लागतात. ठकास मात्र तत्काळ कारणें सुचतात. तो प्रवासांत असतो, वस्तु गोदामांत असते, घरीं कोणी तरी आजारी असतें. हल्लीं संगणक हवें तसें खोटें चित्र क्षणांत तयार करूं लागला आहे, तेव्हां किंमत मोठी असेल तर फोटोवरहि न थांबतां व्हिडिओवर बोलतां बोलतां वस्तु चालू करून दाखवा असें म्हणण्यास संकोच बाळगूं नये.

किंमतीविषयीं एक गैरसमज आहे तो दूर केला पाहिजे. लिलावांत आरंभींची बोली लहान असणें यांत संशयास जागा नाहीं. लिलावाची ती रीतच आहे. संशय घ्यावयाचा तो 'लिलावाची वाट न पाहतां आतांच घ्या' असें म्हणून सांगितलेल्या अर्ध्या किंमतीचा. त्याच नमुन्याच्या, तितक्याच वापरलेल्या वस्तू अलीकडे कितीस गेल्या हें ईबेवर विकल्या गेलेल्या मालाच्या यादींत पाहतां येतें, तें पाहिल्यावांचून बोली लावूं नये. याच्या उलट किंमत फुगविण्याचीहि विद्या आहे. २००० सालच्या मे महिन्यांत एक चित्र ईबेवर २५ सेंटांपासून बोलीस निघालें. विकणारानें आपणास कलेंतलें कांहीं कळत नाहीं असा भोळेपणाचा आव आणला होता. पाहणारास मात्र तें रिचर्ड डीबेनकॉर्न या प्रसिद्ध अमेरिकन चित्रकाराचें असावें असें वाटावें, अशी सारी मांडणी होती. बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत चढली. चौकशींत निष्पन्न झालें कीं विकणारा आणि त्याचे सोबती निरनिराळीं नांवें घेऊन आपापल्याच मालावर बोली चढवीत असत. ईबेनें तो सौदा रद्द केला, आणि २००१ सालीं त्या विकणारानें गुन्हा कबूल केला. गृहस्थ धंद्यानें वकील होते!

चित्राच्या जागीं लॅपटॉप घाला, युक्ति तीच राहते. यावर इलाज एकच. आपली शेवटची रक्कम लिलावापूर्वीं, शांतपणें, घरांतल्या माणसांशीं बोलून कागदावर लिहावी, आणि ती एकदांच सांगून मोकळें व्हावें. ईबेची यंत्रणा दुसऱ्याच्या बोलीपुरती आपली बोली त्या रकमेपर्यंत आपणच वाढवीत नेते. शेवटच्या मिनिटास मोबाईलपुढें बसून राहण्याचें कारण नाहीं. जो बसतो तो 'आणखी दोनशें, आणखी पांचशें' करीत वस्तूसाठीं नव्हे तर जिंकण्यासाठीं पैसे देतो.

तथापि वरच्या साऱ्या खुणा हुकल्या तरी एक खूण हुकूं नये, ती पैशाच्या वाटेची. ईबेसारख्या दालनांत त्यांच्याच मार्गानें पैसे भरले, आणि माल आला नाहीं किंवा वर्णनाहून निराळा आला, तर पैसे परत देण्याची त्यांची हमी असते. त्या वाटेबाहेर पाऊल पडलें कीं हमी संपली. म्हणून ठकाची सगळी खटपट आपणांस त्या वाटेवरून खालीं उतरविण्याची असते. दालनाचें कमिशन वांचवूं, तुम्हांस दोन हजार कमी करतों. सरळ बँकेंत पाठवा. 'पेपाल'वर मित्रास पाठविल्यासारखे पाठवा. मित्रास पाठविलेल्या पैशाला पेपाल खरेदीचें संरक्षण देत नाहीं, हें तो पुरतें जाणून असतो. कोणी तर भेटीच्या कार्डांवरचे आंकडे मागतो. प्रामाणिक मनुष्य अशा कार्डांनीं लॅपटॉपची किंमत घेत नाहीं, एवढें मुलांनीं पाठ करून ठेवावें.

रोमानियांत रम्निकु वल्चा नांवाचें लाखाच्या आंतबाहेर वस्तीचें एक शहर आहे. २००० सालानंतरच्या दशकांत हें शहर अशाच ठकबाजीसाठीं जगभर बदनाम झालें. तेथले तरुण नसलेल्या मालाच्या जाहिराती लावीत. अमेरिकेंतला घेणारा परदेशीं पैसे धाडण्याच्या पेढीमार्फत रक्कम पाठवी. आणि दुसऱ्याच एखाद्या देशांत बसलेला त्यांचा हस्तक ती उचली. लोक सावध होऊं लागले तेव्हां मध्यस्थाची युक्ति निघाली: पैसे विकणारास मुळींच देऊं नका, एका तिऱ्हाईत संस्थेपाशीं ठेवा, माल तुमच्या हातीं पडला कीं मगच ती ते विकणारास देईल. किती न्यायाचें बोलणें! फक्त ती संस्था व तिचें संकेतस्थळ त्यांनींच उभारलेलें असे. ठक नेहमीं घाईच करतो असें नाहीं. पुष्कळदां तो आपल्याहून अधिक सावध मनुष्याचें सोंग घेऊन येतो, आणि आमच्या मतें हेंच सोंग ओळखण्यास सर्वांत कठीण. लिलाव हरलेल्या मनुष्यास 'जिंकणारा मागें हटला, आतां वस्तु तुम्हीं घ्यावी' असें पत्र येतें तेंहि याच जातीचें. अशी सोय ईबेवर खरोखरच आहे, म्हणूनच ही थाप खपते. खरें निमंत्रण ईबेवरील आपल्या स्वतःच्या खात्यांत दिसतें. केवळ ईमेलनें आलेल्यास उत्तरहि देऊं नये.

आपल्याकडे हा बाजार २००० सालीं मुंबईच्या 'बाझी डॉट कॉम' या नांवानें आला. २००४ सालीं तो ईबेनें विकत घेतला, आणि ऑगस्ट २०१८ मध्यें ईबेचें भारतांतलें दालन बंद झालें. परदेशच्या लिलावांत आजहि येथून बोली लावतां येते, आणि आखातांत वा अमेरिकेंत असलेले मामा-काका नाताळास येतांना तेथें घेतलेला लॅपटॉप आणतात. परंतु जुन्या वस्तूंचा घरगुती व्यवहार आतां बहुतेक जाहिरातींच्या संकेतस्थळांवर चालतो. तेथें बोली नाहीं, घासाघीस आहे. ठकांनीं जागा बदलली, विद्या तीच राहिली. थोडी भर पडली आहे. कोणी लष्करी ओळखपत्राचा फोटो पाठवून सांगतो कीं, माझी बदली झाली म्हणून स्वस्तांत देतों. सैनिकाविषयीं आपल्या घरांत जो आदर असतो तेंच त्याचें भांडवल. आपण वस्तु विकावयास काढली तर दुसरा क्यूआर कोड पाठवितो आणि म्हणतो कीं, हा स्कॅन करून पिन घाला म्हणजे पैसे तुमच्याकडे येतील. यूपीआयचा पिन पैसे देतांना लागतो, घेतांना कधींच लागत नाहीं. शक्य असेल तेथें वस्तु भरदिवसां, माणसांच्या वर्दळींत, हातांत घेऊन पाहावी आणि मगच पैसे द्यावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्याच वस्तूस दोन हजार अधिक पडले तरी बिल मिळतें आणि दुकानदार उद्यांहि त्याच गाळ्यांत सांपडतो; हे दोन हजार वायां गेले असें आम्ही म्हणणार नाहीं.

फोन असेल तर *#०६# दाबतांच पडद्यावर पंधरा आंकड्यांचा आयएमईआय क्रमांक येतो. तोच खोक्यावर व बिलावर आहे का पाहावें, आणि दूरसंचार खात्यानें २०२३ सालीं सुरू केलेल्या 'संचार साथी'वर तपासावा. फोन चोरीस गेल्याची नोंद होऊन तो बंद केलेला असल्यास तेथें कळतें. आयफोनास २०१३ पासून मालकाच्या खात्याचें कुलूप असतें. पहिल्या मालकानें आपलें खातें काढून दिलें नाहीं तर हातीं येते ती केवळ कांचेची पाटी. आडव्या-तिडव्या स्वस्त पेन ड्राइव्हची तर तऱ्हाच और: आंतील यंत्रणा बदलून तो संगणकास आपलें माप फुगवून सांगतो, आणि खरी जागा भरली कीं नवा मजकूर जुन्यावर चढतो किंवा कोठें तरी नाहींसा होतो. म्हणून तो एकदां कांठोकांठ भरून सारें पुन्हां वाचतां येतें का तें पाहावें. पार्सल आलें तर पत्त्याच्या चिठ्ठीपासून खोकें उघडेपर्यंत न थांबतां व्हिडिओ घ्यावा; विटेचा तुकडा निघाला तर तोच पुरावा. चोरीचा फोन स्वस्त पडला म्हणून जाणूनबुजून घेणारास मात्र आम्ही फसलेला म्हणत नाहीं. त्यास कायद्यांत निराळें नांव आहे.

इतकें सांगितल्यावर एखादा पालक म्हणेल कीं, हें आमच्या मुलाला आमच्यापेक्षां अधिक कळतें, आम्हांस यांतलें काय समजणार? येथेंच आमचा खरा मतभेद आहे. मुलास यंत्र कळतें. बापास माणूस कळतो. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, हें मुलगा झोपेंतहि सांगेल. परंतु ज्या आईनें वीस वर्षें भाजीवाल्याशीं, वाण्याशीं, कापडवाल्याशीं व्यवहार केला आहे तिला विकणाराचीं दोन पत्रें वाचून दाखविलीं तर 'हा मनुष्य प्रश्नाचें उत्तर देत नाहीं, नुसता गोड बोलतो' हें ती क्षणांत सांगते. तिला इंग्रजी येत नसेल तर मुलानें अर्थ सांगावा. तेवढीच त्याचीहि भाषांतराची परीक्षा. पैसे पाठविण्यापूर्वीं दोघांनीं एका पडद्यापुढें बसावें. मुलानें एकट्यानें, रात्रीं, वडिलांच्या मोबाईलवरून पिन घालून घेतलेली वस्तु, ती खरी निघाली तरी, आम्हांस पसंत नाहीं.

आणि एवढें करूनहि एखादा फसेल. त्या वेळीं घरांत काय बोललें जातें यावर पुष्कळ अवलंबून असतें. आम्हीं असे विद्यार्थी पाहिले आहेत कीं जे पैसे गेल्याचें आठ-आठ दिवस बोलले नाहींत. कारण घरीं पहिला प्रश्न 'तुला अक्कल कोठें होती?' हाच येणार हें त्यांस ठाऊक होतें. पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत, तेथून तिसऱ्यांत जाऊन काढून घेतले जाण्यापूर्वीं अडविले तरच हातीं लागण्याची आशा असते, आणि हें काम तासांचें आहे, दिवसांचें नव्हे. रागाच्या भीतीनें गेलेला प्रत्येक तास ठकास बक्षीस मिळतो. गेलेल्या चाळीस हजारांहून आम्हांस त्या आठ दिवसांचें अधिक वाईट वाटतें. मूल त्या दिवसांत घरांत असून घराबाहेर असतें.

तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक १९३० हा आहे, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरहि ती नोंदतां येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, ज्या खात्यांत पैसे गेले त्याचा तपशील, जाहिरातीचीं व संभाषणाचीं पडद्यावरून घेतलेलीं चित्रें हीं जवळ असावीं. जाहिरात पुसली जाण्यापूर्वींच तीं घेऊन ठेवावीं. आपल्या बँकेसहि त्याच वेळीं कळवावें. हें सारें होईपर्यंत मुलास कांहीं बोलूं नये. जें म्हणावयाचें असेल तें दुसऱ्या दिवशीं, जेवण झाल्यावर म्हणावें.